रिपोर्ट नॉर्मल, पण आमचा माणूस पहिल्यासारखा नाही

मागच्या अंकात लिहिलं होतं की घरात कोणाच्या डोक्याला मार लागला असेल तर काय विचारायचं ते पाठवा, वाटलं होतं पाच-सहा पत्रं येतील, पण आली भरपूर, अर्धी तर व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज, मागे कोंबड्या ओरडून राहिल्या आणि पुढे बाई रडत रडत बोलून राहिली असे. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही, जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा जिल्ह्यात वीसेक वर्षं हेच काम करते, ऑपरेशन करणारी डॉक्टर नाही, म्हणून गोळ्यांचं जे काही असेल ते तुमच्या डॉक्टरलाच विचारा.

पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसत होती. डॉक्टर म्हणतात "बरा आहे", म्हणजे त्यांच्या हिशोबानं जीव वाचला, घरी न्या. आपण ऐकतो की पहिल्यासारखा झाला. खाली जेवढे प्रश्न आहेत त्यातले निम्मे तरी या एका शब्दातून निघालेत.

प्रश्न : माझ्या भावाचा बाईकवरून ॲक्सिडेंट झाला, हेल्मेट नव्हतं. नऊ दिवस झाले आयसीयूत आहे. डॉक्टर राउंडला येतात आणि म्हणतात काल ६ होता आज ७ आहे, १५ पैकी म्हणे. म्हणजे ४६ टक्के, पास तर झाला ना? गावाकडून माय रोज फोन करून विचारते आज किती आले, काय सांगू तिले?
– ता. दर्यापूर

उत्तर : भाऊ, हे परीक्षेचे मार्क नाहीत म्हणून टक्के काढू नका. याला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात, ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढलं, आणि आज आपल्या इथल्या दवाखान्यातही तेच वापरतात. तीन गोष्टी बघतात, डोळे उघडतो का याचे ४, बोलतो का याचे ५, हातपाय कसे हलवतो याचे ६. आता यात गोम अशी की शून्य हा आकडाच नाही, काहीच न करणाऱ्यालाही प्रत्येकात १ मिळतो म्हणजे कमीत कमी ३. दगड ठेवला खाटेवर तरी ३ येतील. मी एका काकांना बघितलंय, पोराचा ३ सांगितला तर आयसीयूबाहेर ते सगळ्यांना सांगत होते की थोडा तरी आहे ना जीव, तीन तरी आहेत. कोणीच त्यांना सांगितलं नव्हतं.

८ किंवा त्याच्या खाली असला तर इजा गंभीर धरतात, ९ ते १२ मधली, १३ पासून वर सौम्य. तुमचा भाऊ ७ म्हणजे अजून गंभीरच आहे, पण वर चाललाय. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा आठवडाभर तो कुठल्या दिशेनं चाललाय ते बघायचं. आणि दोन गोष्टी नक्की विचारा. घशात नळी आहे का, कारण नळी असली तर बोलण्याचे मार्क देताच येत नाहीत. दुसरं, झोपेचं औषध चालू आहे का, कारण व्हेंटिलेटरवर असताना बरेचदा मुद्दाम झोपवून ठेवतात आणि तेव्हाचा आकडा औषधाचाही असतो.

मायला आकडा सांगूच नका. तिला हाताचं सांगा. चिमटा घेतला तर काहीच करत नाही, मग हात नुसता आखडतो, मग दुखते तिथून हात मागे ओढतो, मग दुखते तिथंच दुसरा हात नेऊन चिमटा घेणाऱ्याचा हात हटवायला बघतो, आणि मग एक दिवस "बोट दाब" म्हटलं की दाबतो. ज्या दिवशी सांगितलेलं ऐकून बोट दाबलं त्या दिवशी मायला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ३६ वर्षांचे. मागच्या साली पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा साज घेऊन येत होते, अंधारात उभ्या ट्रॉलीले धडकले. दोन महिने दवाखाना झाला. आता चालते, जेवते, वावरातही जाते, सीटी नॉर्मल आला. पण हा माणूस तो नाई. भाजीले चवच नाई म्हणून ताट फेकते, पहिले कधी आवाज नाई चढवला त्याईनं. अर्धा दिवस झोपून राहते. कपाशीचं बियाणं तीनदा आणलं, पहिले आणलं हे आठवतच नाई. विचारलं तर म्हणते मले काय झालं, तुलेच वेड लागलं. सासूबाई म्हणतात बायकोनं काही खाऊ घातलं, दीर म्हणतात नाटक करते, काम नाई पाहिजे. मी कोणाले सांगू?
– ता. घाटंजी

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना माझी मामी आठवली. माझे मामा कापसाच्या भरल्या बंडीवरून पडले होते, मी तेव्हा शाळेत होते, घरच्यांनी त्यांना पुढची दहा वर्षं आळशी म्हटलं. मी स्वतः म्हटलं. हे शिकायला कॉलेजात गेले तेव्हा कळलं की मामाला काय झालं होतं, तोवर मामा गेले होते.

आधी सीटीचं सांगते. दह्याचं गाडगं सायकलवर बांधून खड्ड्यातून न्या, गाडगं फुटत नाही, बाहेरून एक चरा दिसत नाही, पण आत दही मोडलेलं असते. मेंदू तसाच मऊ आहे, गाडी थांबली तरी तो कवटीच्या आत पुढे जातो, आपटतो, पिळवटतो, आणि आतल्या बारीक बारीक तारा ताणल्या जातात, तुटतात. सीटी स्कॅन रक्त दाखवतो, फ्रॅक्चर दाखवतो, सूज दाखवतो. त्या तारा इतक्या बारीक की बऱ्याचदा त्याच्यात येतच नाहीत. एमआरआयमध्ये थोडं जास्त दिसते पण तिथंही सगळं नाही. म्हणून सीटी नॉर्मल म्हणजे आता ऑपरेशन करण्यासारखं काही नाही, एवढंच.

आणि कपाळामागचा मेंदू, तिथं खाली कवटीचं हाड खडबडीत आहे म्हणून तो भाग जास्त घासतो. रागाला ब्रेक लावणं, कामाला हात घालणं, एक काम संपवून दुसरं धरणं हे सगळं तिथलं. ब्रेक गेला की ताट उडते. स्टार्टर गेला की माणूस खाटेवरच. एकाच माणसात दोन्ही होऊ शकते, सकाळी नुसता पडून आणि संध्याकाळी भडका, आणि दिराला वाटते की भांडायला ताकद आहे मग कामाला काहून नाही.

"मले काय झालं" हे त्यांचं म्हणणं, ते खोटं बोलत नाहीत. स्वतःत काय बदललं हे ओळखणारा भागही मेंदूतच आहे आणि मार त्यालाही बसू शकतो. त्यांना खरोखर दिसत नाही. म्हणून पुरावे दाखवून भांडू नका, बियाण्याच्या तीन पावत्या समोर टाकल्या तर ते तुम्हीच आणल्या म्हणतील, आणि मग ते भांडण रात्रभर चालेल.

आता ताटाकडे येऊ. तुम्ही लिहिलं भाजीला चवच नाही म्हणतात. एक करून बघा. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि नाकाजवळ आधी हिंगाची डबी धरा, मग कांदा कापून धरा, मग चहाची पत्ती. वासाच्या नसा नाकाच्या वरच्या हाडातल्या बारीक भोकांतून मेंदूत जातात आणि डोक्याला झटका बसला की तिथंच तुटतात, असे पेशंट खूप असतात आणि स्वतःहून कोणी सांगत नाही. वास गेला की जिभेला फक्त गोड-खारट-आंबट-कडू तेवढं कळते, फोडणी कळत नाही, वांग्याचं भरीत आणि भोपळा सारखाच. मग त्या माणसाला वाटते बायको आता मन लावून करत नाही. हिंग कळला नाही तर भांडणाचं अर्धं कारण सापडलं समजा. अशा माणसाला घरी एकटं असताना गॅस पेटवू देऊ नका, गळती झाली तरी त्याला वास येणार नाही, आणि शिळं खराब झालेलंही तो खाऊन घेईल.

झोपण्याचं म्हणाल तर मेंदू दमतो. आपण गर्दीत बोलतो तेव्हा बाकीचे आवाज आपोआप गाळतो, त्यांना ते प्रत्येक वेळी जोर लावून करावं लागते. म्हणून डीजेची वरात, घरात टीव्ही चालू आणि त्यात चार पोट्टे, हे झालं की तासाभरात भडका बघा. महत्त्वाचं बोलणं सकाळी करा, एका वेळी एकच, दुपारची झोप ठरवून द्या आणि ती आळसात मोजू नका. वही ठेवा, एकच, दाराजवळ खिळ्याला टांगलेली, बियाणं आणलं लिहा, मजुरी दिली लिहा. मोबाईलचा अलार्म लावा. भडका उडाला की समजावू नका, दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात जा, अर्ध्या तासानं परत या. हात उगारत असतील तर मात्र पोरांना घेऊन तिथून निघायचं, मेंदूला मार लागला म्हणून तुम्ही मार खायचा असं कुठंही लिहिलेलं नाही. दारू पूर्ण बंद, यात सूट नाही, अशा मेंदूला ती लवकर चढते आणि फिटचा धोका वाढवते.

दिरासाठी एक जुनी गोष्ट लिहिते, त्यांना वाचायला द्या. १८४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेचा रस्ता खोदताना फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून साडेतीन फुटाची, सहा किलोची लोखंडी पहार आरपार गेली, गालाखालून शिरून टाळूतून बाहेर. आणि हा बैलगाडीत बसून स्वतः मुक्कामावर गेला, डॉक्टरशी बोलला, काही महिन्यांत चालता-फिरता झाला. बाहेरून बघणारा म्हणेल बरा झाला. पण आधी तो कामाचा पक्का आणि शांत डोक्याचा, नंतर शिवराळ, हट्टी, एका बेतावर टिकेना, ओळखीचे म्हणायला लागले की हा आता गेज राहिला नाही आणि कंपनीनं परत कामावर घेतलं नाही. लोक गोष्ट इथंच थांबवतात. पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटते. हाच माणूस पुढं चिली देशात कितीतरी वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. रोज तीच वेळ, तोच रस्ता, तेच घोडे. ठरलेला दिवस मिळाला तर माणूस सावरू शकतो. तुमच्या मिस्टरांना पूर्ण शेतीचा हिशोब देऊ नका, रोज सकाळी बैलांचं चारापाणी हे एक काम त्यांचं म्हणून सोडा, त्यात कोणी नाक खुपसायचं नाही.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जोरात होते, मग हळू, पण दोन वर्षांपर्यंत आणि कधी त्याच्या पुढेही होत राहते. रागासाठी औषधं असतात, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते तिथं न्या, आणि तुमच्या स्वतःसाठी, हो तुमच्यासाठी, १४४१६ हा टेलीमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणारा, सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. सासूबाईंना काय सांगायचं हे मात्र मला सुचत नाही. डॉक्टरकडे जाताना एकदा त्यांनाच बरोबर न्या आणि डॉक्टरच्या तोंडून ऐकू द्या, सुनेच्या तोंडून त्यांना पटणार नाही.

प्रश्न : पुतण्याचं मेंदूचं ऑपरेशन झालं. डोक्याची एक बाजू खड्डा पडल्यासारखी मऊ आहे, हाडच नाही, आणि पोटावर वेगळे टाके आहेत. डॉक्टर म्हणे हाड पोटात ठेवलं. गावात सगळे म्हणून राहिले की किडनी काढली. आमाले वाचता येते पण इंग्रजी कार्ड समजत नाही.
– ता. चिमूर

उत्तर : किडनी जागेवर आहे काका. मेंदूला सूज आली की त्याला पसरायला जागा लागते आणि कवटी काही फुगत नाही, मग आतला दाब वाढून जीव जातो. म्हणून कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात, सूज उतरेपर्यंत दार उघडं ठेवल्यासारखं. तो तुकडा ठेवायचा कुठं? काही ठिकाणी डीप फ्रीजरमध्ये ठेवतात, आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली चरबीत ठेवतात, तिथं तो सुरक्षित राहतो, हरवत नाही, वीज गेली म्हणून खराब होत नाही. हात लावला तर टणक कडा लागते. किडनी पोटात पुढे नसतेच, ती पाठीच्या बाजूला खोल असते. तरी गाव गप्प बसत नसेल तर कुठंही सोनोग्राफी करा, दोन्ही किडन्या दिसतील, तो कागद पारावर नेऊन दाखवा.

सूज उतरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून तो तुकडा परत बसवतात. ही तारीख विसरू नका, "आता चांगला आहे, कशाला परत चिरफाड" म्हणून लोक जातच नाहीत. कधी हाडाला इन्फेक्शन होते किंवा ते विरघळते, मग टायटॅनियमची जाळी बसवतात. तोवर त्या बाजूवर झोपवायचं नाही, उठून चालायला लागला की हेल्मेट घालूनच चालवायचं, घरातल्या घरातही. बसल्यावर ती जागा खोल जाते आणि खोकलला की फुगते, त्यानं घाबरू नका. पण सारखी टणक फुगलेली राहिली, ताप आला, टाक्यातून पाणी आलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : सिनेमात दाखवतात तसं डोक्यावर परत मार बसला तर आठवण परत येते का?

उत्तर : नाही. परत मार बसला तर आहे तीही जाईल. ॲक्सिडेंटच्या आधीचे काही तास आणि नंतरचे काही दिवस बहुतेकांना कधीच आठवत नाहीत, "आठव ना, आठव ना" करून त्याला छळू नका.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, तीन महिने झाले. डोळे उघडतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, जांभई देतो. बोट दिलं तर घट्ट धरतो. डॉक्टर म्हणतात अजून शुद्ध नाही. डोळे उघडे आहेत मग शुद्ध कशी नाही? मला तर वाटते तो मला ओळखतो.
– एक आई, ता. आर्णी

उत्तर : बाई, हे लिहिणं मला जड जाते. डोळे उघडणं आणि जाग येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोप-जाग, श्वास, जांभई हे मेंदूच्या खालच्या देठाकडून चालते, तो भाग वाचला असला की डोळे उघडतात. ओळखणं, समजणं वरच्या मेंदूचं. आणि तळहातावर बोट ठेवलं की मूठ बंद होणं, ते तान्ह्या लेकरातही होते, आपोआप. ही मूठ तुमच्यासाठी आहे की आपोआप आहे हे एका बोटावरून सांगता येत नाही.

पण आईचं वाटणं मी मोडीत काढत नाही, कारण दिवसभर जवळ असते ती आईच असते, डॉक्टर पाच मिनिटं असतात, आणि पेशंटला पहिल्यांदा काही कळायला लागते ते चोवीस तासांत दहा मिनिटं, तेही कधी ते सांगता येत नाही. म्हणून तपासून बघा. घरातला छोटा आरसा घ्या, त्याच्या चेहऱ्यासमोर धरा आणि हळूहळू एका बाजूला न्या, मग दुसऱ्या बाजूला. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर जाते का? मेंदूवाले डॉक्टरही असाच आरसा वापरतात. दिवसातून तीन वेळा, टीव्ही बंद करून, माणसं बाहेर काढून. "मूठ सोड" म्हणा, सोडतो का बघा, पकडण्यापेक्षा सोडणं जास्त सांगून जाते. परत परत झालं तर मोबाईलवर शूटिंग घ्या आणि डॉक्टरला दाखवा. आठ दिवसांत एकदाही नाही झालं तरी थांबू नका, पंधरा दिवसांनी परत करा. या वयाच्या पोरांत पुढेही बदल होताना मी बघितलेत, किती होईल हे मात्र मी तुम्हाला सांगणार नाही, कोणी पैसे घेऊन खात्री देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि एक, रागावून सांगते. चमच्यानं तोंडात काही घालू नका. नाकातून नळी आहे तर सगळं नळीनंच. एका घरी आजीनं प्रेमानं चमचाभर चहा पाजला, गिळता येत नव्हतं, चहा फुप्फुसात गेला आणि न्यूमोनिया झाला. नळीनं देतानाही डोक्याकडची बाजू उंच करा आणि नंतर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीही, पाळी लावा. माकडहाडाला, टाचांना, कमरेच्या हाडाला रोज उजेडात बघा, लाल दिसलं आणि दाबून लाली गेली नाही तर तिथून पुढे जखम. सगळे सांधे सकाळ-संध्याकाळ हळू हलवा, जोर नाही. उद्या जाग आली तर उभं राहायला पाय सरळ पाहिजेत ना.

प्रश्न : भावाला डोक्याच्या माराच्या आठ महिन्यांनी मिरगी आली. गोळ्या संपल्या होत्या, बरा होता म्हणून परत आणल्या नाहीत. लोक म्हणतात बाहेरचं आहे, भगताकडे न्या.
– ता. मारेगाव

उत्तर : मेंदूला जिथं जखम झाली तिथं व्रण राहतो आणि त्या व्रणातून कधीकधी विजेसारखा झटका उठतो, महिन्यांनी, वर्षांनीही. गेजही बारा वर्षांनी फिट येऊनच गेला. मार लागल्यावर पहिला आठवडा फिट येऊ नये म्हणून गोळी देतात ती वेगळी, आणि नंतर खरंच फिट आली तर चालते ती वेगळी, ती वर्षानुवर्षं चालू शकते आणि एकदम बंद केली तर फिटवर फिट येऊ शकते. कधी कमी करायची हे डॉक्टरच सांगतील. भगताकडे जाऊ नका असं म्हटलं तर तुम्ही मला न सांगता जाल हे मला माहीत आहे, तर जा, पण सकाळची गोळी देऊन जा आणि संध्याकाळची खिशात ठेवा, आणि कोणी चटके देतो, मारतो म्हणाला तर उठून या, त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

फिट आली की कुशीवर वळवा, आजूबाजूचं विळा-दगड बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, चप्पल हुंगवणं नाही, कांदा नाही, पाणी नाही. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा लागोपाठ आली तर १०८. आणि ट्रॅक्टर, बाईक, विहिरीच्या काठावर मोटर चालू करायला एकट्यानं जाणं, हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. यावर घरोघरी भांडण होते, करा भांडण, पण चावी लपवा.

प्रश्न : आमचा बुढा ७४ चा, न्हाणीत घसरला, कपाळाले टेंगूळ आलं, दोन दिवसांत बरा. आता महिन्यानं झोपून झोपून राहते, उजवा पाय ओढते, काहीबाही बोलते. वय झालं म्हणून असन का?
– ता. मोर्शी

उत्तर : हे वाचून झालं की लगेच गाडी बघा. म्हातारपणी मेंदू थोडा आकसतो, कवटी आणि मेंदूमधल्या शिरा ताणलेल्या असतात, साधा धक्का लागला तरी एखादी फाटते आणि रक्त आठवडे-महिने हळूहळू झिरपत राहते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अजून जास्त. घरचे म्हणतात म्हातारचळ. सीटी केला की दिसते, आणि बऱ्याचदा कवटीला एक-दोन छोटी भोकं पाडून ते रक्त काढलं की माणूस चार दिवसांत बोलायला लागतो, पाय उचलायला लागतो. डोक्याच्या मारात इतकं सरळ काम क्वचितच असते, ते म्हातारचळाच्या नावाखाली घालवू नका. डॉक्टरला टेंगुळाचं सांगा, महिन्यापूर्वीचं असलं तरी.

प्रश्न : पैशाचं काय करायचं?

उत्तर : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंत आहे, भरती होतानाच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशन कार्ड आणि आधार पहिल्या दिवशीच मागवून घ्या. रस्त्यावरचा अपघात असेल तर पोलिसांचे कागद, एफआयआर, पंचनामा, सगळ्याची झेरॉक्स सांभाळा, भरपाईच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनं घातली आहे, "पेशंट बरा झाल्यावर बघू" करत बसू नका. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. दोष कायमचा राहिला तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा, आणि तपासणीला एकटा पाठवू नका, तो तिथं "मले काही नाही" म्हणून येईल.

प्रश्न : वडिलांना घरी आणून आठ दिवस झाले. अख्खं गाव भेटायला येते आणि जो तो विचारते, "ओळखलं का मले? सांग बरं मी कोण?" बाबा चिडतात, मग रडतात. लोकांना नाही कसं म्हणायचं?
– ता. समुद्रपूर

उत्तर : आपल्याकडे भेटायला नाही गेलं तर वाईट दिसते म्हणून लोक येतात आणि आल्यावर काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून परीक्षा घेतात. प्रेमच असते ते, पण दिवसातून तीसदा नापास होणं कोणालाही झेपणार नाही. आलेल्यानं स्वतःच नाव सांगायचं, "दादा, मी धुऱ्याजवळचा शंकर, तुमच्या संग तुरी कापायला होतो", आणि हात हातात घ्यायचा, बास. एका वेळी एक माणूस, पाच मिनिटं, संध्याकाळी नाही.

मामाच्या वेळी मामीला यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं. तिनं बाहेर ओसरीत बाज टाकली आणि स्वतः चुलीवर चहाचा गंज ठेवून तिथंच बसली. जो येईल त्याला म्हणायची, "बसा, चहा इथंच घ्या, आतून ते ऐकून राहिले, तुम्ही आले हे सांगीन मी त्याईले." आत कोणालाच सोडलं नाही. गावात नाव वाईट झालं तिचं. मामा मात्र खिडकीतून बघत शांत पडून असायचे.